बारा बोअर कोठीत, गावठी रस्त्यावर

इंदापूर-बारामतीकडची पत्रे उघडली की तक्रार एकच: आचारसंहिता संपली, निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळेना. लोणी देवकरच्या एका बागायतदाराला ठाण्यात आधी ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ म्हणून परत पाठवले, मग ‘वरून आदेश यायचाय’ म्हणून. अखेर हाती आली तेव्हा डबल बॅरलच्या नळीत गंजाचे ठिपके होते आणि ट्रिगर गार्डला चिठ्ठीची सुतळी तशीच लोंबत होती. तोवर रानडुकरांनी मका लोळवला होता.

निवडणूक आयोगाच्या सूचना साहेबांनी एकदा वाचाव्यात. जिल्ह्याच्या छाननी समितीने परवानाधारक एकेक करून पाहायचा. जामिनावर सुटलेला, गुन्हे नावावर असलेला, मागे दंगलीत सापडलेला असेल तर शस्त्र जमा करून घ्यायचे आणि निकालानंतर आठवडा उलटताच परत द्यायचे. सरसकट जमा करण्यावर मुंबई उच्च न्यायालयानेही गोव्यातल्या एका प्रकरणात बोट ठेवले आहे. प्रत्यक्षात बीट अंमलदाराचा फोन येतो, ‘सगळ्यांच्याच घ्यायच्यात, उद्या आणून टाका.’ झाली छाननी!

16 मार्च 2024 ला दुपारी लोकसभेची आचारसंहिता लागली. त्याच रात्री इंदापुरात महामार्गालगतच्या हॉटेलात बसलेल्या एकाला गोळ्या घालून, वर कोयत्याने तोडून मारले. ती पिस्तुले जमा करा म्हणून कोणी कोणाला फोन करणार होते? नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशातल्या उमर्टीत जाऊन गावठी पिस्तुलांच्या भट्ट्या मोडल्या, ते झकास झाले. जोर तिकडे लावा.

मात्र परवानाधारक तेवढे साधू, असे आम्ही छापणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका आमदाराने गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. हळदीत बार काढणारे, रीलमध्ये कंबर दाखवणारे आपल्यातच आहेत. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने असल्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे. अशांचा परवाना गेला तर त्यांनी आमच्याकडे रडत येऊ नये.

बाकीच्यांनी नुसत्या फोनवर बंदूक नेऊन टाकणे सोडा. लेखी नोटीस मागा, तुमच्या नावापुढे कारण काय ते विचारा. आदेश असेल तर निमूट जमा करा, पण पावतीवर बंदुकीचा क्रमांक, परवान्याचा यूआयएन आणि नळीची अवस्था लिहून घ्या. आठवड्यानंतरही परत नाही मिळाली तर अर्ज देऊन पोहोच घ्या, एक प्रत आम्हाला धाडा. आणि पाच वर्षांचे नूतनीकरण थकवून बसलेल्यांनी आधी ते उरकावे. मुदत संपलेला परवाना खिशात घेऊन भांडणाऱ्याची बाजू आम्हाला घेता येत नाही.