कौतुक पुरे, वेतनाचे बोला!

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे गाव शहरवासीयांस ठाऊक आहे ते ताडोबाच्या वाघांमुळे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या अरण्याचे ते एक प्रमुख प्रवेशद्वार. वाघ पाहावयास येणाऱ्या पाहुण्यास तेथे वाहन मिळते, वाटाड्या मिळतो. त्याच वाघाच्या मुलखात बाळंतिणीची विचारपूस करण्यास पायी निघणाऱ्या 'आशा'स मात्र मिळते ती 'स्वयंसेविका' ही पदवी!

आमच्या मते सर्व अन्यायाचे मूळ या पदवीतच आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली आशा नेमल्या त्या नोकर म्हणून नव्हे. कामागणिक मोबदला घेणाऱ्या गावच्या लेकीसुना म्हणून. नवजात बालकाच्या गृहभेटींची योजना २०११ साली आखली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या, त्याचे वजन व ताप पाहावयाचा, धोक्याची लक्षणे ओळखावयाची. आणि या सर्वांचे ठरले अडीचशे रुपये!

हे काम किरकोळ आहे काय? त्याचे उत्तर शेजारच्या गडचिरोलीनेच दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांस नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९३ ते ९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९७-९८ मध्ये सुमारे २५ वर आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली ही हकीकत जगापुढे मांडली. पण हा चमत्कार केवळ सेवाभावाचा नव्हता. नीट दिलेले शिक्षण, हाती साधने आणि पाठीशी सततची देखरेख यांचे ते फळ होते. आपण त्यातील गृहभेटी उचलल्या. कारागिराला त्याचे मोल देण्याचे मात्र विसरलो.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्याने दरमहा पाच हजारांची वाढ मान्य केली. परंतु त्यासाठी आधी या स्त्रियांना संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा आपणही टाळ्या वाजविल्या. गौरवपत्राने चूल पेटत नाही! योजनांतील सेविकांस कामगार मानावे, ही शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती. अंगणवाडी सेविकांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. मग आशाच्याच बाबतीत सेवाभावाची सबब का?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आशास कामगार म्हणावे. किमान वेतनाहून कमी नसलेले मासिक वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची व प्रसूतीची पगारी रजा हे तिचे हक्क ठरावेत. दरवर्षी उजळणीचे प्रशिक्षण व त्या दिवसांचा पगार मिळावा. वनप्रदेशात प्रवासभत्ता वेगळा असावा. याचा भार करदात्यांवर, म्हणजे आपल्यावरच, पडेल. तो आपण आनंदाने सोसला पाहिजे. दुसऱ्याचे मूल वाचविणारीस स्वतःच्या मुलाच्या वह्यांसाठी उसनवारी करावी लागत असेल, तर ती बचत राज्याची नव्हे; ते राज्याने तिच्याकडून काढलेले कर्ज आहे. ते आता फेडावे.