मावशी कोणाची?

मागच्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. नववीच्या मुलांनी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांच्या धर्तीवर एका गाजलेल्या मालिकेचं विडंबन बसवलं होतं. सून झालेल्या मुलानं साडीच्या आत उशी बांधली होती, तोंडाला काजळी फासली होती. तो नुसता आत आला आणि सगळा मंडप हसून लोळला. माझ्या पुढच्या रांगेत एक सावळी, अंगानं भरलेली मुलगी बसली होती. ती हसत नव्हती. त्या सुनेचं नाव दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिला चिकटलं, हे आम्हाला पुढे किशोरी गटात कळलं.

मग विडंबनच नको, असं म्हणायचं का? मुळीच नाही. या मुलखाला ते परकंही नाही. मूळ गोष्ट ठाऊक असल्याशिवाय तिची टिंगल कळत नाही, आणि ती कळण्याचं शिक्षण इथल्या प्रेक्षकाला जत्रेतल्या गौळणीनं कधीच दिलंय. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवून दान मागणारा कृष्ण, सोबत पेंद्या, आणि पुढे होऊन देवालाच उलटतपासणीला घेणारी मावशी! सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार रंगवत. खऱ्या हवालदाराला पाहून वाट बदलणारी माणसं तिथे पोट धरून हसत. खालच्यानं वरच्याला हसायचं, ही त्यातली गंमत.

मावशीच्या बाबतीत मात्र घोळ आहे. ती बहुतेक पुरुषच करत आले. तिची वाक्यं धीट, पण निम्मा हशा तिच्या चालीला, सुटलेल्या अंगाला, उतरलेल्या वयाला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यात गौळणीला फाटा दिला. वाट अडवणारा देव गेला हे बरंच झालं, पण त्याला जाब विचारणारी बाईही त्याबरोबर गेली, असं मला वाटत राहतं.

टीव्हीनं उलटं केलं. जाब गाळला, साडी ठेवली. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 साली सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं घराघरात पाहिलं गेलं. सिनेमांची, मालिकांची त्यात केलेली विडंबनं मीही पाहिली, हसलेही. श्रेया बुगडेची नक्कल तर कुणालाही हेवा वाटावा अशी. पण शेजारी पुरुष साडी नेसून आले की विनोद लिहावाच लागत नव्हता, साडीच विनोद होती.

आता याची दुसरी बाजू पाहा. साताऱ्यात वाढलेल्या, स्वतःचा फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकरांनी पुरुष भूमिकाही गाजवल्या. त्यांना पाहून लोक हसले नाहीत, दबून बसले. बाईनं पुरुषाचा वेश केला की तो पराक्रम, पुरुषानं बाईचा केला की थट्टा. वेश बदलला तरी मानाची उतरंड जागची हलत नाही.

आमच्या किशोरी गटानं यावर भांडण न काढता नाटुकलं बसवलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचं विडंबन, गौळणीच्या ढंगात: वाट अडवून दान मागणारा नवरदेव, दान म्हणजे मोटरसायकल आणि पाच तोळे. नवरदेव झालेल्या मुलीला काजळाच्या मिशा. शाळेनं परवानगी नाकारली. मुलींनी मिशा लावणं संस्कृतीला शोभत नाही, असं कारण मिळालं. उशी बांधलेली सून चालली होती.

मग खेळ सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, बचत गटाच्या बैठकीनंतर, देवळाच्या ओट्यावर झाला. मावशीचं काम साठी ओलांडलेल्या आमच्या एका कार्यकर्तीनं केलं. तिनं नवरदेवाला विचारलं, ‘‘तुझी उंची किती? रंग कोणता? भाकरी थापता येते का? जरा चालून दाखव बघू!’’ बायका हसल्या, आणि कडेला उभे असलेले काही पुरुषही. दोघंतिघं उठून गेले. पुढच्या रांगेतली ती सावळी मुलगी या खेळात नवरदेव झाली होती. मिशा तिनं घरी जाईपर्यंत पुसल्या नाहीत.