तात्पर्याच्या पलीकडे

रस्ता-सुरक्षेवरील लघुपट शाळेत दाखवावा आणि लगेच 'यातून काय बोध घेतला?' असे विचारावे, ही रीत आम्हांस मान्य नाही. मुले 'वेग आवरा, हेल्मेट घाला' असे लिहून मोकळी होतात आणि संध्याकाळी महाराज बाड्यावरून तिघे एकाच दुचाकीवर जातात.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी अंकुराच्या वाढीचा लघुपट केला. त्यात उपदेश नव्हता. डोळ्यांस एरवी न दिसणारी वाढ होती. विद्यार्थ्यांस तसे पाहावयास शिकवावे. कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे? धडक दाखवली, की केवळ आवाज ऐकवला? दोष एकट्या चालकावर ठेवताना अंधारा रस्ता आणि दुकानांनी गिळलेला पदपथ चौकटीबाहेर राहिले काय? आणि त्या मुलाच्या हाती किल्ली दिली कोणी?

हा शेवटचा प्रश्न थेट आपल्या लष्करातील वाड्यांच्या अंगणात येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड ठरविला आहे. तरीही 'शिकवणीला उशीर होतो' म्हणून पंधरा वर्षांच्या नातवास स्कूटर आपणच देतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

'मुलांना एवढी चिकित्सा कशाला?' असे म्हणणाऱ्यांचे खरे भय निराळे आहे. पडद्याला प्रश्न विचारणारा मुलगा उद्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारील. म्हणूनच आपण तात्पर्यावर भागवतो, असा आमचा स्वतःवरही आरोप आहे.