पदवीचा तिसरा हिस्सा तुमच्या हातात आहे, तो फुकट घालवू नका



ॲडमिशनच्या दिवसांत सातारा-सांगलीतल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभं राहा. मुलांच्या हातात फॉर्म असतो आणि तोंडात एकच प्रश्न, "मायनर काय घेतलंस?" उत्तरंही ठरलेली. मित्रानं घेतला तोच. ज्यात मार्क पडतात तो. ज्याचं लेक्चर लवकर संपतं आणि गावाची एसटी मिळते तो.

मी धंदा शिकवतो, कॉलेजात शिकवत नाही. मग या फॉर्मवर मी का बोलतोय? कारण तीन वर्षं, घरचे पैसे आणि विशीतला उत्साह, एवढी मोठी गुंतवणूक आपण एसटीच्या वेळापत्रकावर ठरवतोय. दुकानाचा गाळा घेताना दहा जणांना विचारतो, इथं मात्र दोन मिनिटांत टिक मारून मोकळे होतो.

नियमानं काय दिलंय ते आधी बघा

नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आलं आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. त्यातला निम्मा भाग मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा. तिथं फारसं काही हलवता येत नाही.

पण उरलेल्यात बघा. मायनर १८ ते २० क्रेडिट. ओपन इलेक्टिव्ह १० ते १२, आणि ते स्वतःची शाखा सोडून दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं. कौशल्याचे कोर्स १४ ते १६. कॉलेजनुसार थोडं कमी-जास्त होईल, पण बेरीज करा. पदवीचा साधारण तिसरा हिस्सा असा आहे की जिथं तुमच्या निवडीला जागा आहे. शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, वेगळंच.

अमेरिकेत ब्राऊनसारख्या विद्यापीठात विद्यार्थी स्वतःचा मेजर स्वतः आखू शकतो. कोणते विषय, कोणत्या क्रमानं आणि कशासाठी, हे लिहून द्यायचं, प्राध्यापकांकडून मंजूर करून घ्यायचं. आपल्याकडे एवढी मोकळीक नाही. पण तिथली एक गोष्ट इथंही फुकटात करता येते, ती म्हणजे "कशासाठी?" हे आधी लिहिणं.

एक प्रश्न धरा, विषय त्याच्या मागून येतील

माझं म्हणणं सरळ आहे. विषयांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आपल्या तालुक्यातला एक खरा प्रश्न धरा आणि सगळे मोकळे रकाने त्या एकाच प्रश्नाला बांधा.

समजा, सांगलीची मुलगी आहे, बी.कॉम.ला, मेजर अकाउंटन्सी. घरी हळदीची अडत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय. तिचा प्रश्न असा असू शकतो: हळकुंड तसंच विकलं तर किती सुटतात, आणि पावडर करून पाकिटात विकलं तर खर्च वजा जाता किती? आता ओपन इलेक्टिव्ह विज्ञान शाखेतलं घ्यायचं, अन्नपदार्थ किंवा रसायनशास्त्राशी जोडलेलं, म्हणजे कुरकुमीनचा रिपोर्ट वाचता येईल. मायनर मार्केटिंगचा. कौशल्य कोर्स एक्सेल किंवा जीएसटीचा. ओजेटी मसाल्याच्या कारखान्यात. तीन वर्षांनी तिच्याकडे बी.कॉम.चं सर्टिफिकेट असेलच, आणि बाजारात दुसऱ्या कुणाकडे नसलेला हिशोबही असेल.

तासगावचा मुलगा, बी.एस्सी. केमिस्ट्री. घरची बेदाणा शेड. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकतात, हे तो लहानपणापासून बघतोय. पण का, किती, आणि प्रमाण चुकलं तर रंग आणि भाव कुठं जातो, हे मेजर शिकवू शकतो. मायनरला त्यानं अर्थशास्त्र घेतलं, तर शीतगृहाचं भाडं भरून माल थांबवावा की आजच्या सौद्यात विकावा, हा विचारही त्याला करता येईल.

किंवा महाबळेश्वर-वाईकडची मुलगी, बॉटनीची. स्ट्रॉबेरी दोन-चार दिवसांत मऊ पडते, हा तिचा प्रश्न. तिथून पॅकिंग, वाहतूक, जॅम-क्रश, पर्यटक, सगळे धागे निघतात.

तिघांचे मेजर नेहमीचेच आहेत. त्यांच्याभोवतीची जुळणी मात्र ज्याची त्याची.

हे आपल्या मातीत नवीन नाही

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्याआधी अण्णा विक्रीचं काम करत होते, ओगल्यांच्या काचेच्या कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कळतं, तसा त्यांना विद्यार्थी कळला. 'कमवा आणि शिका'मध्ये काम आणि पुस्तक वेगळं नव्हतं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच पायावर. आज धोरणात ओजेटी हा नवा शब्द आलाय, पण साताऱ्याला त्यातला विचार शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

"सर, आमच्या कॉलेजात चॉईसच नाही"

हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळणार नाही. लहान कॉलेजात प्राध्यापक कमी, वर्गखोल्या कमी. कागदावर दहा पर्याय आणि प्रत्यक्षात दोन. निवडीचं स्वातंत्र्य द्यायचं आणि शिकवायला माणूस द्यायचा नाही, ही सरकारची चूक आहे आणि ती विद्यार्थ्याच्या माथी मारू नये.

तरी हातात काय आहे? एक, 'स्वयम' पोर्टल. तिथले कोर्स करून, कॉलेजच्या मान्यतेनं, एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात. ती तुमच्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. म्हणून आधी विभागप्रमुखांना विचारा, मग कोर्स करा. दोन, एकट्यानं जाऊ नका. एक मुलगा गेला तर ती तक्रार असते, वीस मुलं सह्यांचा अर्ज घेऊन गेली तर ती मागणी असते. मागणी दिसली की माल येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप, "अशानं धड ना हे ना ते होईल." होईल, जर रकाने विस्कळीत भरले तर. मेजर पक्काच हवा. ज्याला सीए किंवा एमपीएससी करायचंय त्यानं त्या परीक्षेला उपयोगी पडेल तेच घ्यावं, तोही एक उद्देशच आहे. माझा राग फक्त उद्देशाशिवाय भरलेल्या फॉर्मवर आहे.

धंदेवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळतो

४ क्रेडिटचं ओजेटी म्हणजे साधारण १२० तासांचं काम. आणि आपल्यातले काही जण काय करतात? ओळखीचा मुलगा येतो, "काका, फक्त सही-शिक्का द्या." आपण देतो. आपल्याला वाटतं पोराचं भलं केलं.

भलं नाही केलं. त्याचे १२० तास आपण खाल्ले. पुढच्या वर्षी "कामाला चांगली पोरं मिळत नाहीत" म्हणून ओरडणारे पण आपणच.

एमआयडीसीत वर्कशॉप असो, मार्केट यार्डात गाळा असो की कंदी पेढ्याचं दुकान, त्या मुलाला एक नेमकं काम द्या. स्टॉकची मोजणी, तीन महिन्यांच्या उधारीची यादी, वाया जाणाऱ्या मालाचा हिशोब. १२० तासांत तो तुम्हाला असं काही दाखवेल जे रोजच्या गडबडीत तुमच्या नजरेतून सुटलंय. पुढं त्यालाच नोकरीवर घ्यावंसं वाटलं, तर जाहिरातीचा खर्चही वाचला.

या आठवड्यात एवढं करा

१. विद्यार्थ्यांनी एका कागदावर आपल्या भागातला एक प्रश्न एका वाक्यात लिहायचा. वाक्य लांबलं तर प्रश्न अजून स्पष्ट नाही असं समजा.

२. कॉलेजकडून मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्य कोर्सची पूर्ण यादी मागा. प्रत्येकापुढे लिहा, माझ्या प्रश्नाला याचा उपयोग काय? उत्तर नसेल तर तो विषय खोडा.

३. पालकांनी "कशाला स्कोप आहे?" हे विचारणं थोडं थांबवा. "तुला कुठला प्रश्न सोडवायचाय?" हे विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या.

४. दुकानदार-कारखानदारांनी जवळच्या कॉलेजला कळवा, आमच्याकडे दोन मुलांना खरं काम आहे. सही-शिक्का शेवटच्या दिवशी मिळेल, काम बघून.

फॉर्म भरायची मुदत संपते, पण त्यावरची टिक तीन वर्षं सोबत राहते. जरा विचार करून मारा.