कंधारचा करंट

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड, शनिवार-रविवार बेस गिटार. लाइफ असं मस्त दोन ट्रॅकवर चाललेलं असताना गेल्या गणपतीत चुलतभावाचा फोन आला. ‘दादा, मंडळाचा ऑर्केस्ट्रा हाय. येतूस ना?’

गाव म्हणजे कंधार. राष्ट्रकूटांचा किल्ला आणि लाल कंधारी बैल यांसाठी फेमस. बेस गिटारसाठी अजिबात नाही! रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये गिटार मांडीवर घेऊन पोचलो. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, स्टेज ओलं, मंडपामागे जनरेटर धडधडतोय. डावा हात तारांवर, कोरससाठी माइकपाशी तोंड नेलं... आणि ओठाला असा सण्णकन झटका बसला की सूरच गिळला. पुढे बसलेल्या आईला वाटलं, पोरगं लाजलं.

फंडा सोपा आहे बॉस. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्याच लाइनवर. त्यातल्या एकाचं अर्थिंग बोंबललं, की मधली वायर म्हणजे तुम्ही! १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत लेस्ली हार्वे हा गिटारिस्ट अशाच झटक्यानं स्टेजवर गेला. १९७६ मध्ये ‘किस’ बँडचा एस फ्रेली फ्लोरिडात थोडक्यात वाचला, आणि त्यानंतर तो बँड वायरलेसकडे वळला. आपण तर स्टाइल मारायला वायरलेस घेतात असंच समजत होतो!

पुण्यात परतल्यावर शोध सुरू. बजेट? ईएमआयवाल्या माणसाचं असतं तेवढं.

पहिला सल्ला मात्र गावातच मिळाला होता. साउंडवाला म्हणाला, ‘सर, आपला कॉलर माइकचा सेट लावू की!’ लावू नका. तो भाषणासाठी बनवलेला. माणसाच्या आवाजाला खालचा भाग फारसा लागत नाही, म्हणून तो तिथेच कापलेला असतो. बेसची जाड ‘ई’ तार ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची ‘बी’ ३१ वर. म्हणजे नेमकं आपलं दुकानच बंद! शिवाय जुने स्वस्त यूएचएफ सेट बरेचदा ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि २०२२ च्या लिलावानंतर तिथे फाइव्ह-जी आलंय.

मग उरतात २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल सेट. लायसन्सची भानगड नाही. एक डबी गिटारला, दुसरी अँपला. एक्सवाइव्हच्या यू-टूसारखे सेट सहा मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचवतात. टेन्शन नको, अँपपासून दोन मीटरवर उभं राहिलं तरी कानाला तेवढाच उशीर होतो.

खरी गोची वेगळीच. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात. रिकाम्या हॉलमध्ये चेक केलेला सेट हजार मोबाइल समोर आले की अडखळू शकतो. त्यात माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची टाकी, सिग्नल पिऊन टाकतं. म्हणून रिसिव्हर अँपमागे जमिनीवर टाकायचा नाही. छातीच्या उंचीवर, नजरेसमोर ठेवायचा. गर्दीच्या कार्यक्रमांसाठी ५.८ गिगाहर्ट्झचा सेट परवडला तर बेस्ट, फक्त त्याची रेंज आडोशाला आणखी लवकर मान टाकते.

आणि दुकानात जाताना स्वतःचा बेस न्या प्लीज! माझा अॅक्टिव्ह आहे, आत नऊ व्होल्टची बॅटरी. काही डब्या अशा जॅकमध्ये लावल्या की खरखर करतात. मी तीन लावून पाहिल्या, दुसरी चक्क रेडिओसारखी सुसाटली. सेल्समन म्हणे, ‘सर, गिटार खराब आहे.’ तिसरी गप्प बसली, तीच घेतली. वाजवून झालं की डबी काढून ठेवायची, नाहीतर सकाळी बेसची बॅटरी ढुस्स.

या डबीनं गिटार आणि अँपमधली वायर गेली, मंडपाचं अर्थिंग काही सुधारलं नाही. ओल्या स्टेजवर माइक अजूनही चावू शकतो. म्हणून आता बॅगेत केबलसोबत एक साधा टेस्टरही असतो. साउंडचेकआधी माइकच्या जाळीला लावतो. दिवा पेटला तर साउंडवाल्यानं लाइन नीट करेपर्यंत कोरसला सुट्टी.

यंदा परत कंधारला जातोय. चुलतभावाचा मेसेज आलाय, ‘दादा, ती डबी माझ्या बेंजोला बसंल का?’