उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत



परवा माढ्याच्या बाजारात दोघांची चांगलीच जुंपली होती. एक म्हणे, "सोलापूरहून मुंबई आता तासावर आली." दुसरा म्हणे, "कुर्डुवाडीची रात्रीची गाडीच बरी." दोघांचंही खरंच होतं. फक्त दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजत होते.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. तेव्हापासून आपल्या तालुक्यातही विमानाच्या गोष्टी निघू लागल्या.

आता अंतराचं बघा. बांधाबांधानं गेलं तर लांब पडतं, रानातून तिरकं गेलं तर जवळ. विमान तिरकं जातं. सोलापूर ते मुंबई रेल्वेनं सुमारे ४५५ किलोमीटर, आभाळातून सुमारे ३६०. गोव्यातल्या मोपा विमानतळाला सडकेनं चारशेच्या आसपास, आभाळातून तीनशेच.

मग तीनशे किलोमीटरला तास का लागावा? पंख्याचं लहान विमान तासाला पाचशे किलोमीटर जातं. त्या हिशेबानं ३६ मिनिटं पुरेत. पण धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, वळसा घेणं, सावकाश उतरणं यात उरलेला वेळ जातो. समोरून वारा असला तर आणखी थोडा.

पण आपला प्रवास काही धावपट्टीवर सुरू होत नाही. तो घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. माढ्याहून विमानतळ गाठायला दीड-दोन तास. तिथं दीड तास आधी हजर व्हावं लागतं. उड्डाण एक तास. सामान घ्यायला अर्धा तास. मुंबईच्या गर्दीतून मुक्कामी पोचायला तासभर. झाले की सहा तास! रेल्वेनं सगळे मिळून आठ-नऊ होतात, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि सकाळी माणूस कामाला मोकळा. म्हणजे धडधाकट माणसाचा विमानानं फार फायदा होत नाही. गोव्याला मात्र सडकेनं अख्खा दिवस मोडतो, तिथं विमानाचा उपयोग जास्त.

हा हिशेब मी आमच्या शेजारच्या तात्यांना मोठ्या ऐटीत सांगितला. त्यांच्या आईला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं होतं. म्हातारीच्या मणक्याचं दुखणं, धड बसवत नाही, रेल्वेच्या धक्क्यानं कळवळते. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमचे तास बरोबर आहेत हो. पण आईला आठ तास हादरे सोसायचे नाहीत."

मी गप्प झालो. आई विमानानं गेली. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली, ती तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती. परत येताना तात्या एकटेच रेल्वेनं आले आणि पैसे वाचवले.

तेव्हा मंडळी, आधी उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे तास मोजा. मग कोण जाणार ते बघा आणि शेवटी खिसा. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवा. विळी-चाकू हातातल्या पिशवीत नको.

आणि आईला खिडकीजवळची जागा द्या. आपलं रान वरून कसं दिसतं, ते तिलाही बघू दे.