परळची गिरणी, उधन्याचे लूम्स आणि स्क्राइब

मंडळी, या वेळचा विषय तुमच्यातल्या निम्म्यांना आवडणार नाही. उरलेल्या निम्म्यांनी, म्हणजे ज्यांच्या कानात सदैव काहीतरी खुपसलेलं असतं त्यांनी, जेवताना हा लेख आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवावा.

झालं असं, की माझा भाचा मंडळाच्या हॉलची चौकशी करायला आला. अकरावीत आहे. चार मित्रांचा बँड आहे, सरावाला जागा नाही. एका काकांनी विचारलं, ‘‘कुठलं संगीत?’’ तर म्हणाला, ‘‘पोस्ट-हार्डकोर.’’ काकांना वाटलं पोस्टाचं काहीतरी असेल. मग त्याने मोबाइलवर नमुना वाजवला आणि अर्ज तिथेच बारगळला.

मला एकदम 2010 आठवलं. मी चोवीस वर्षांचा, सुरतच्या मार्केटमध्ये नवी नोकरी, आणि डबलडेकर फ्लाइंग राणीने मुंबईला जाऊन स्क्राइब नावाचा बँड ऐकायचं वेड.

हार्डकोर म्हणजे 1980 च्या आसपास अमेरिकेत पंक रॉकमधून निघालेली दीड-दोन मिनिटांची वेगवान आरडाओरड. पुढच्या पोरांनी राग तोच ठेवला, पण गाण्याला श्वास घेऊ दिला. मध्येच शांतता, मध्येच अडखळणारा ताल, कुजबुज, आणि पुन्हा किंकाळी. हेच पोस्ट-हार्डकोर. वॉशिंग्टनचा फुगाझी हा 1987 सालचा बँड यातला मोठा. तिकीट पाच डॉलरच्या आसपास आणि शाळकरी पोरांनाही प्रवेश, हा त्यांचा हट्ट.

स्क्राइब 2005 साली मुंबईत सुरू झाला. कोणी त्यांना मेटलकोर म्हणतं, कोणी पोस्ट-हार्डकोर. त्या वादात मी पडत नाही. गायक विश्वेश कृष्णमूर्ती. पहिला मोठा अल्बम 2008 चा ‘कन्फेक्ट’. पण मी पडलो तो 2010 च्या ‘मार्क ऑफ तेजा’च्या प्रेमात. तेजा कोण हे ‘अंदाज अपना अपना’ पाहिलेल्यांना सांगायला नको. त्यात एक गाणं चक्क पावभाजीवरच्या प्रेमाचं आहे! 2014 च्या अल्बमचं नाव ‘हेल मोगँबो’. तोवर आपल्याकडचे बरेच बँड अमेरिकन दिसायची धडपड करायचे, चेहरे गंभीर, कपडे काळे. ही पोरं किंचाळायची तेवढंच हसवायची. घरातलीच पोरं वाटायची.

अशा संगीताला अंडरग्राउंड म्हणतात, कारण रेडिओ-टीव्हीवर ते लागत नाही आणि त्यावर पोट भरत नाही. विश्वेशने 2011 मध्ये ‘द देवारिस्ट्स’ ही संगीतावरची मालिका दिग्दर्शित केली. बेस वाजवणारा श्रीनिवास सुंदरराजन सिनेमे बनवायचा, तेही अगदी थोड्या पैशात. म्हणजे दिवसा काम, रात्री बँड. भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, एवढा परिच्छेद दोनदा वाचावा.

खरी अडचण पैशाची नाही, जागेची. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजायचं. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालय-कॉलेजच्या शेजारचं ते मैदान शांतता क्षेत्रात गेलं आणि आवाज बंद झाला. नियम योग्यच होता, पण पोरांनी जायचं कुठे? मग 2007 मध्ये लोअर परळला ब्लू फ्रॉग निघालं, तेही 2016 मध्ये बंद पडलं. मी स्क्राइबला तिथेच ऐकलं. आत जाताना पाटी वाचली: मथुरादास मिल कंपाउंड.

पाटीपाशी मी थबकलोच. 1982 च्या संपाच्या आधीपासूनच मुंबईचं कापड यंत्रमागांकडे सरकत होतं, संपानंतर तर ओघच लागला. भिवंडी, मालेगाव, सुरत. त्याच ओघात आमचे अप्पा धुळे जिल्ह्यातून उधन्याला आले आणि लूम्सच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळीत तीस वर्षं उभे राहिले. गिरणीतला खडखडाट उधन्याला आला, आणि त्याच खडखडाटावर वाढलेला मुलगा गोंगाट ऐकायला परत गिरणीत गेला.

रात्र मुंबई सेंट्रलच्या बाकावर काढून सकाळी घरी पोहोचलो तेव्हा कान गुणगुणत होते, मी ओरडून बोलत होतो. अप्पांना लूम्समुळे आधीच कमी ऐकू यायचं. दोन बहिरे एकमेकांवर ओरडतायत, आणि आई डोक्याला हात लावून बसलेली. दुपारी मी सीडी लावली. अप्पा आले, स्पीकरवर तळहात टेकवून उभे राहिले. ‘‘हाई काय शे रे?’’ म्हणाले. मी सांगणार तोच बोटाने ताल धरायला लागले, एका जागी थांबले आणि म्हणाले, ‘‘इथे धोटा अडकतोय.’’

ती अडखळणारी मात्रा मला मोजायला आठवडा लागला होता. अप्पांना हाताने कळली.

अप्पा आता नाहीत. भाच्याचा अर्ज मात्र मी पुन्हा दिलाय. रविवारी दुपारी दोन ते पाच हॉल रिकामाच असतो. गणपतीआधी ढोलताशाच्या सरावाला आपण तो देतोच, आणि ढोल काही हळू वाजत नाही. खिडक्यांना जुन्या गाद्या बांधायचं काम माझं, वेळ पाळायची हमी पोरांची. काका, पहिल्या रविवारी तुम्हीही या. पोरांसाठी आणि तुमच्यासाठी कानात घालायचे कापसाचे बोळे मी आणतो.